फादरांच्या दाराबाहेरचा बाक

आमच्या विश्रांतवाडीत एक मास्तर राहतात, ते एका दिवाळी अंकाचं काम बघतात. मला म्हणाले, "कांबळे, एवढी वर्षं शाळेत काढलीत, लिहा काहीतरी." मी म्हटलं, काढली ती शिपाई म्हणून. शिकलो सातवीपर्यंत, तेही ढकलत ढकलत. तर म्हणाले, "शिक्षकांनी लिहिलेलं लोकांनी खूप वाचलंय. तुम्ही लिहा, ऱ्हस्वदीर्घ मी बघतो." म्हणून लिहितोय. ऱ्हस्वदीर्घ त्यांचं, बाकी माझं.

आणखी एक कारण आहे. माझी बायको कमल, तिला जाऊन या दिवाळीला वर्ष होईल. ती त्याच शाळेत बालवर्गाची आयाबाई होती. संध्याकाळी भाकऱ्या थापताना विचारायची, "आज कोणाला बसवलं बाकावर?" मी सांगायचो. तेवढंच आमचं बोलणं, पण रोजचं. आता कोणी विचारत नाही. मग मी सुनेशी उगाच भांडण काढतो, तिचा बिचारीचा काही दोष नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, त्यापेक्षा लिहा."

शाळा पुण्यातल्या कॅम्पाच्या बाजूची, मिशनची. नाव देत नाही, कारण सगळं चांगलंच लिहीन असं नाही. शाळा ख्रिश्चन लोकांची, आम्ही बौद्ध, पोरं सगळ्या जातीधर्मांची. त्यावरून मला तिथं कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर मीही बोललो असतो.

तर बाक. प्रिन्सिपल फादरांच्या दाराबाहेर एक लांब लाकडी बाक आहे आणि शेजारी माझं स्टूल. वर्गातून बाहेर काढलेलं पोरगं तिथं येऊन बसतं. फादर आत बोलावतील तोवर त्यानं बसायचं आणि मी त्याच्यावर नजर ठेवायची. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय काम आहे? बसून बघा एकदा. कोणी रडतं, कोणी शिट्टी वाजवतं, कोणाला एकदम शी लागते. आठवीतली एक मुलगी दर गुरुवारी गणिताच्या तासाला हजर. मी म्हटलं, "काय गं, गुरुवारचा उपास धरलाय का?" म्हणाली, "काका, आमच्या वर्गातला पंखा बंद आहे. तुमचा चालू असतो."

पालकही कमी नसतात. पोराला केस कापून ये म्हटलं म्हणून एक वडील भांडायला आले. त्यांच्या स्वतःच्या केसांना मागं रबर लावलेलं. आमच्या व्हाइस प्रिन्सिपल सिस्टर केरळच्या. मराठी त्या शाळेतच शिकल्या, म्हणजे उभे राहा, खाली बसा, तोंड बंद, एवढं पक्कं. त्यांनी त्या गृहस्थांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला म्हणाल्या, "कांबळे, ह्यांना पण बाकावर बसवा."

हसण्यासारखं तेवढंच. बाकी सगळं काळजीचं.

आधी छडी होती. ती चांगली होती असं मी म्हणणार नाही. मला माझ्या शाळेत एवढं मारलं की मी सातवीनंतर तिकडं फिरकलो नाही. पण छडीचं काम पाच मिनिटांत संपायचं आणि काय झालं ते डोळ्यांसमोर व्हायचं. मग छडी बंद झाली, बरं झालं. आता आधी समज देतात, मग बाक, मग समुपदेशक बाई, आणि त्यानंही नाही भागलं तर घरी फोन. शिक्षकांना वाटतं, फोन सगळ्यात सौम्य. शाळेचा हात लागत नाही ना. पण फोन ठेवल्यावर पुढचं सगळं घराच्या दाराआड होतं. ते फादरांना दिसत नाही, मलाही दिसत नाही.

मी मात्र बाकावर एक गोष्ट बघायचो. "तुझ्या घरी फोन केलाय" म्हटल्यावर जे पोरगं भोकाड पसरतं, त्याची मला काळजी नसायची. त्याच्या घरी ओरडतात, जेवू घालतात, झालं. जे पोरगं गप्प होतं आणि बाहेर आलेला शर्ट चड्डीत खोचायला लागतं, बटणं लावतं, केसांवरून हात फिरवतं, त्याला बघितलं की मला संध्याकाळची भाकरी गिळवायची नाही.

सातवीतला प्रणव असाच खोचणारा निघाला.

झालं असं. आमच्या चॅपेलच्या, म्हणजे शाळेतल्या छोट्या चर्चच्या, दारात भिंतीला एक संगमरवरी वाटी आहे, तिच्यात पवित्र पाणी असतं. आत जाताना ख्रिश्चन लोक त्यात बोट बुडवतात आणि कपाळाला, छातीला, खांद्यांना लावतात. एका शुक्रवारी सकाळी प्रार्थना करून पोरं बाहेर आली ती कपाळावर निळे ठिपके घेऊन. मागून सिस्टर आल्या, त्यांनाही ठिपका. त्यांना पत्ताच नाही. गॅलरीत एक पोरगं फिसकन हसलं तर त्याला दहा मिनिटं झापलं. मग ऑफिसच्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं.

शाई कोणी टाकली ते शोधावं लागलं नाही. प्रणवच्या खिशात बाटली गळत होती, चड्डी मांडीपर्यंत निळी. सिस्टरांनी विचारलं, "का केलंस?" म्हणाला, "मला बघायचं होतं, ते लावलेलं पाणी दिसतं का." एवढंच. बारा वर्षांच्या पोराकडं याहून मोठं कारण नसतं.

सिस्टर शाईनं चिडल्या नव्हत्या, त्या घाबरल्या होत्या. पोरगं ख्रिश्चन नव्हतं ना. आजकाल कशाचं काय होईल सांगता येत नाही. पालकांचे मोबाइलवर ग्रुप, सकाळी शाळेत कोणी शिंकलं तर दुपारपर्यंत वाघोलीला कळतं. इकडून कोणी म्हणेल धर्माचा अपमान झाला, तिकडून कोणी म्हणेल आमच्या पोराला मिशनवाले छळतात. म्हणून समज नाही, समुपदेशक नाही, थेट फोन. वडील हिंजवडीला कंपनीत होते. निघतो म्हणाले. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून निघालेला माणूस कधी पोचेल ते त्यालाही माहीत नसतं.

प्रणवला मी बाकावर बसवलं. फोनचं कळल्यावर रडला नाही. शर्ट खोचला. मग म्हणाला, "काका, फोन बाबांना केला की आईला?"

"बाबांना."

"आईला नाही का करता येणार?"

"झाला रे आता फोन."

त्यानं सगळ्यात वरचं बटण लावलं. तेवढ्यात फादरांनी मला आत बोलावलं. खिडकी अडकली होती, ती ओढून दिली आणि बाहेर आलो तर बाक रिकामा.

संडास बघितले. कँटीनमागं बघितलं. गेटवरचा वॉचमन आईची शपथ घेऊन म्हणाला, बाहेर कोणी गेलं नाही. शाळेमागं जुनी विहीर आहे, वर लोखंडी जाळी आहे, कुलूप आहे, तरी मी जाळी हलवून बघितली, वाकून आत हाक मारली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघायचं होतं, माझ्यानं बघवेना. वॉचमनला म्हटलं तू बघ. सिस्टरांच्या हातात जपमाळ होती आणि ओठ हलत होते, पण पाय थांबत नव्हते. फादर म्हणाले, अर्ध्या तासात सापडला नाही तर मी पोलिसांना कळवतो. मनात आलं, त्याआधी बाप आला तर त्याला काय दाखवायचं? रिकामा बाक?

बारा वाजत आले. आमच्या शाळेत बाराला चॅपेलची घंटा होते. घंटा झाली की जो जिथं असेल तिथं उभा राहतो, मान खाली, अख्खी शाळा गप्प. फळ्यावर लिहिणारी बाई खडू धरून तशीच, कँटीनवाला झारा धरून तसाच. घंटा वाजवायचं काम माझं. फादर म्हणाले, "कांबळे, घंटा." मला राग आला, ही काय घंटेची वेळ आहे? पण बरोबर होतं. घंटा झाली नाही तर हजारभर पोरांना कळणार की काहीतरी घडलंय.

चॅपेलच्या कडेला घंटेचा मनोरा आहे. आत गेलो तर दोर नाही. दोर कायम माझ्या छातीपर्यंत लोंबत असतो. वर बघितलं, सगळा वर ओढून घेतलेला.

मी म्हटलं, "प्रणव?"

वर दोराचं टोक थोडं हललं.

"दोर खाली सोड."

वरून आवाज आला, "सोडला तर तुम्ही घंटा वाजवाल."

"मग?"

"माझे कान फुटतील ना!"

ते ऐकून माझ्या जिवात जीव आला. ज्याला कानाची काळजी आहे तो काही वेडंवाकडं करणार नाही, असं मी मनाला सांगितलं. पण वरच्या फळ्या जुन्या, दोन कुजलेल्या, हे त्याला माहीत नव्हतं. मी शिडीवर अर्ध्यापर्यंत चढलो. पुढं गुडघे चढेनात. तिथून त्याचे बूट दिसत होते, आणि बुटांखालची फळी वाकलेली.

"खाली ये बाळा."

"बाबा आले?"

"नाही अजून."

"त्यांना सांगू नका. सांगणार नाही म्हणा, मग येतो."

"नाही सांगणार."

"फादर पण नाही?"

"फादर पण नाही."

"शप्पथ?"

फळी करकरली. मी म्हटलं, "शप्पथ." त्या वेळी तो म्हणाला असता शाळा माझ्या नावावर करा, तर त्यालाही मी हो म्हटलं असतं. आजही म्हणेन.

तो उतरला. केसांत जळमटं, हात निळे. मी त्याचं मनगट धरून बाकावर आणलं, वॉचमनला त्याच्याजवळ उभा केला आणि फादरांकडं गेलो.

"फादर, मी पोराला शब्द दिलाय. बापाला सांगणार नाही म्हणून."

"चांगलं केलंत. तुम्ही सांगू नका."

"तुमच्या वतीनं पण दिलाय."

फादरांनी चष्मा काढला. "कांबळे, ते गृहस्थ रस्त्यात आहेत. आले की विचारतील, का बोलावलंत. मी खोटं बोलू शकत नाही."

"थोडंच बोला."

ते हसले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे का, ते घरी मुलाला काय करतात?"

"नाही."

"मलाही नाही."

"म्हणूनच सांगतोय फादर," मी म्हटलं. "माहीत असतं तर तुम्हीच पोलिसांना बोलावलं असतं."

फादरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "जेवढं कमी सांगता येईल तेवढं सांगतो." माणूस चांगला, पण अंगावर पांढरा झगा. झगा घातल्यावर खरं बोलावंच लागतं.

वडील आले. गळ्यात कंपनीचं कार्ड, इस्त्रीचा शर्ट, बोलायला एकदम मऊ. आतून ऐकू येत होतं, "सॉरी फादर, नक्की फादर." फादर त्यांना बजावून सांगत होते, मुलाला हात लावायचा नाही. "छे छे फादर, हात कसला!" बाहेर आले, पोराकडं बघितलं आणि म्हणाले, "चल." पोरगं उठलं. जाताना त्यानं बापाकडं नाही बघितलं, माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी घंटा झालीच नाही. दिवसभर पोरं विचारत होती, काका, आज बारा वाजले नाहीत का?

संध्याकाळी कमलनं विचारलं, कोणाला बसवलं? मी सांगितलं. तिनं मध्येच विचारलं, "शर्ट खोचला का त्यानं?"

"खोचला."

तिची तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. करपली ती.

सोमवारी प्रणव आला नाही. सिस्टरांनी घरी फोन केला, ताप आहे म्हणाले. मंगळवारी पण ताप. शाळा सुटल्यावर कमल बाकापाशी येऊन उभी राहिली, हातात पिशवी.

"अहो, चला."

"कुठं?"

"वाघोलीला. व्हॅनवाल्याकडून पत्ता घेतलाय."

"शिपायानं पालकांच्या घरी जायचं नसतं. नोकरी जाईल."

"तुमची जाईल," ती म्हणाली. "मला कोण काढतंय? बालवर्गाची पोरं संडासला कोण नेणार, फादर?"

बसमध्ये उभं राहून गेलो. वाघोलीला ते उंच उंच टॉवर, गेटवर वॉचमन, तो म्हणे फ्लॅट नंबर सांगा, इंटरकॉमवर विचारतो. त्यानं विचारलं, शाळेतून आलेत म्हणून. वरती दार वडिलांनीच उघडलं. अंगात घरचा टी-शर्ट, तोंडावर तेच मऊ हसू. "शाळेतून? काही प्रॉब्लेम?"

कमल म्हणाली, "शाळेतून नाही आलो साहेब. घरून आलोय. पोराला बघायला."

आत घ्यावंच लागलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. प्रणव खोलीतून आला. कमल त्याला बालवर्गापासून ओळखत होती. म्हणाली, "काय रे निळ्या, ताप आला का तुला?" तो कसनुसा हसला. "ये इकडं, बघू." त्याला जवळ घेतलं आणि पाठीवर हात ठेवला, मानेपाशी. बालवर्गाच्या प्रत्येक पोराच्या पाठीवरून ती रोज सकाळी असा हात फिरवायची. कोणाला ताप, कोण उपाशी, कोण रडून आलंय, तिला तिथं कळायचं. हात सावकाश खाली गेला. खांद्याच्या फऱ्याखाली पोचला आणि पोराचा खांदा एकदम वर उडाला.

कमलनं हात काढला नाही. तिथंच ठेवला. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, तिथं काही दिसत नव्हतं.

मग ती बापाला म्हणाली, "साहेब, मी शिकलेली नाही. मला एवढंच येतं. हा बरा झाला की शाळेत पाठवा. गेटवर आला की आधी मला भेटेल, मी पाठीवरून हात फिरवीन, मग तो वर्गात जाईल. रोज. दहावी होईपर्यंत रोज."

त्यांचं हसू गेलं. "तुम्ही मला धमकी देताय का?"

"हो," कमल म्हणाली.

मला वाटलं, आता हा वॉचमनला बोलावणार, शाळेला फोन करणार, दोघांच्या नोकऱ्या गेल्या. मग स्वयंपाकघराच्या दारातून आई पहिल्यांदा बोलली, "मावशी, पाणी देऊ का?" तिनं पाणी आणलं. पेला तिनं नवऱ्याकडं न बघता कमलपुढं धरला.

दुसऱ्या दिवशी मी फादरांना सगळं सांगितलं. ते पांढरे पडले. त्यांनी समुपदेशक बाईंना बसवून त्या नवरा-बायकोला बोलावलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पुढच्या वेळी मी स्वतः पोलिसांत जाईन, असं त्यांना तोंडावर सांगितलं. नंतर मला म्हणाले, "कांबळे, यापुढे शपथ घ्याल ती स्वतःपुरती घ्या." नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही.

आणि सकाळचं काम सुरू झालं. व्हॅनमधून प्रणव उतरायचा, कमलपाशी यायचा आणि पाठ फिरवून उभा राहायचा, बसमध्ये पास दाखवावा तसा. ती हात फिरवायची, "जा" म्हणायची. उशिरा येणाऱ्यांना अडवायला सकाळी मी गेटवरच असायचो, पण माझं लक्ष उशिरावाल्यांकडं नसायचं. ती माझ्याकडं बघून मान हलवेपर्यंत माझी नजर तिच्या हातावरून हलायची नाही. व्हॅन उशिरा आली की मी फाटकाचे गज धरून उभा. एकदा तिचा हात मध्येच थांबला. फुटबॉल खेळताना पडलो म्हणाला. तिनं त्याच्या मित्राला बाजूला घेऊन विचारलं, मग मैदानातल्या सरांना विचारलं, तेव्हा कुठं मान हलवली. तोवर अर्धा तास गेला होता आणि मी कोणाकोणाला उशिरा आत सोडलं ते मला आठवत नाही.

वर्ष सव्वा वर्ष असं चाललं. मी निवृत्त झालो तरी तिचं चालूच होतं. मग तिला दम लागायला लागला. उभं राहवेना तेव्हा वॉचमनच्या खुर्चीवर बसून बघायची. मग दवाखाना, मग ती गेली. प्रणव आता दहावीत आहे. बालवर्गाला नवीन आयाबाई आलीय. मी एकदा गेलो होतो, म्हटलं तिला सांगावं. पण आता नियम झालाय, बाहेरच्यानं गेटच्या आत यायचं नाही, आणि स्टाफनंही मोठ्या पोरांच्या अंगाला हात लावायचा नाही. नियम चांगला आहे, का केलाय तेही कळतं. मी गेटवरूनच परत आलो. सकाळी त्या वेळेला आजही माझे कान तिकडंच असतात.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यातली एक सकाळ सांगतो. प्रणवला तेव्हा मिसरूड फुटायला लागलं होतं. गेटवर पाठ दाखवायला लाजायचा, पोरं त्याला चिडवायची. त्या दिवशी वडील स्वतः गाडीनं सोडायला आले होते. कमलनं पाठीवरून हात फिरवला, त्याला वर्गात पिटाळलं आणि वडिलांना म्हणाली, "साहेब, मोठा झाला आता. पोरं हसतात त्याला. उद्यापासून नाही बघत मी."

गृहस्थ तिथंच उभे राहिले. गळ्यात कार्ड, मागं गाड्यांचे हॉर्न.

म्हणाले, "नाही मावशी, बघत जा."

"कशाला? वर्ष झालं की. काही नाही आता."

"काही नाही, ते मी सकाळच्या तुमच्या हाताला भितो म्हणूनच," ते म्हणाले. "बघत जा."

कमलनं त्यांच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाली, "बरं. गाडी काढा आता, मागं लोक खोळंबलेत."

दुसऱ्या दिवशी व्हॅन यायच्या आधीच ती गेटवर जाऊन उभी होती.